फक्कीच्या भिंती

मोठेबाबांना उतार सहन होत नसे. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पाटबंधारे खात्यात सुपरवायझर, आणि सारी नोकरी कालव्याची पातळी बघण्यात गेलेली. पाण्याला हवा तेवढाच उतार द्यायचा, बाकी सगळं समतल, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की जेवायला बसले की आधी ताटातलं वरण कुठल्या बाजूला जातं ते बघायचे आणि मग ताटाखाली कागदाची घडी सरकवायचे. लग्नाच्या मांडवात, विहारातल्या पंगतीत, परक्याच्या घरी, कुठेही. अशा माणसाने माझ्या वडिलांबरोबर घरासाठी जागा घेतली ती सौंसरच्या बाहेर, पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागून, एका टेकडीच्या अंगावर. टेकडीही अशी, की चढताना हात टेकावे लागत आणि उतरताना मनात नसलं तरी माणूस पळू लागे. जागा बघायला वडील एकटेच गेले होते. ते तहसील कचेरीत बाबू होते आणि जागा त्यांना कागदावर आवडली होती. कागदावर सगळ्याच जागा सपाट असतात.

तोवर आम्ही बसस्टँडच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, दोन्ही बिऱ्हाडं मिळून. कंडक्टर "नागपूर, नागपूर" आणि "छिंदवाडा, छिंदवाडा" करू लागले की आमची सकाळ व्हायची. हिवाळ्यात कापसाच्या जिनिंगची घरघर इतकी सवयीची होती की ती बंद पडली तरच झोप मोडे. पुढच्या खोलीत पुरुष आणि पाहुणे. मागच्या खोलीत चूल, आईचं शिवणयंत्र, डबे, आम्ही दोघी पोरी आणि दोघी बायका. पोरी म्हणजे मी आणि मोठेबाबांची मंदा. एका वर्गात, एका बाकावर, एका गोधडीत. आई लोकांचे ब्लाऊज शिवायची. मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, उरलेलं सगळं करायची. ती जेवायला बसायची ती दोन खोल्यांच्या मधल्या दारात, कारण तेवढीच जागा शिल्लक असे, आणि कोणी आतबाहेर केलं की ताट हातात घेऊन उभी राहायची. माणूस गेला की पुन्हा बसायची. हे आम्हाला इतकं रोजचं होतं की त्यात बघण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलं नाही. आज मी एकटी, पंख्याखाली, खुर्चीत बसून जेवते, तेव्हा मधेच कधीतरी ते उठणं-बसणं आठवतं आणि घास थोडा वेळ हातात राहतो.

जागा सपाट नाही हे कळल्यावर मोठेबाबा दोन दिवस ताटाखाली घडी सरकवायचंही विसरले. मग त्यांनी नागपूरच्या ओळखीच्या माणसाकडून नकाशा काढून आणला आणि घरात चैतन्य आलं. टेकडी कापायची, सगळी माती खालच्या बाजूला भरायची, आणि त्या सपाट केलेल्या जागेवर आधुनिक घर. स्लॅब, मोझॅकची फरशी, घरातच संडास-बाथरूम. मधून एक सरळ बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, पुढे मोठा दिवाणखाना, मागे स्वयंपाकघर आणि शेवटी धान्याची कोठी. नकाशा मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. तो एक कालवा होता, त्यावर छप्पर होतं इतकंच. रस्त्याच्या ठेकेदाराकडून टेकडी कापायचं मशीन ठरलं. सोमवारी येणार होतं.

संध्याकाळी नकाशा खाटेवर पसरला आणि पुरुष त्याच्यावर वाकले. आई मागे उभी राहून बघत होती. ती नकाशाकडे ब्लाऊजच्या कापडाकडे बघायची तशी बघत होती, कुठे कमी पडतंय ते.

"यात बाई कुठं निजन?" तिने वडिलांना विचारलं. बाई म्हणजे तिची थोरली जाऊ, आमची मोठीआई.

इथे सांगायला हवं की मोठेबाबा आईशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाची बायको, म्हणून मधे कोणीतरी लागायचं. बहुतेक वेळा माझे वडील, ते नसले तर मी, आणि कोणीच नसलं तर भिंत.

"सांग तिले," मोठेबाबा वडिलांना म्हणाले, "घर मोठं हाय. कुठंबी निजन."

"विचारा भाऊजीले," आई म्हणाली, "कुठंबी म्हंजे कोणत्या खोलीत?"

मोठेबाबांनी नकाशावर बोट फिरवलं. बोट दिवाणखान्यातून निघालं, त्यांच्या खोलीत गेलं, आमच्या खोलीत गेलं, पोरींच्या खोलीवरून स्वयंपाकघरात आलं आणि तिथेच घुटमळलं. मोठीआई चुलीपाशी भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही, पण भाकर थापण्याचा आवाज थोडा वेळ थांबला.

मग आईने ते सुचवलं. "मी ब्लाऊज कापाच्या आधी कापड अंगाले लावून पाहातो. डोंगर कापाच्या आधी घर लावून पाहू ना. शनिवारी कचेरीले सुटी हाय. फक्कीनं भिंती आखा आन् एक दिवस त्यात राहून पाहू."

मला वाटलं मोठेबाबा चिडतील. पण चुन्याची फक्की, सुतळी, माप, खुंट्या, आणि ते सगळं भावजयीला करून दाखवायची संधी, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी फक्त एक अट घातली, आणि ती मंदाकडे बघून घातली, कारण तिच्या खोडसाळपणावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. "भिंत म्हंजे भिंत. कोणी फक्की ओलांडाची नाही. जो ओलांडन तो खाली रस्त्यावर जाईन आन् दारातून पुन्हा येईन. मी असो का कोणी असो." मंदाने लगेच विचारलं की लक्ष ठेवायला आम्ही दोघी राहू का. ते म्हणाले, राहा. हे त्यांचं पहिलं चुकलं.

शनिवारी बैलबंडीत खाट, खुर्ची, भांडी, गोवऱ्या आणि रेडिओ घालून आम्ही टेकडीवर आलो. मोठेबाबा आधीच येऊन आखणी करून बसले होते. कोवळं ऊन होतं, खाली संत्र्याचे बगीचे आणि फुटलेला कापूस, आणि वर तांबड्या उतारावर पांढऱ्या रेघांचं आमचं घर. रस्त्यालगत दिवाणखाना, तिथून वर चढत गेलेला बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या, माणसाच्या डोक्यावर येईल अशा उंचीवर स्वयंपाकघर, आणि सगळ्यात वर बेहड्याच्या झाडाखाली, एका सपाट खडकावर, कोठी. दारांच्या जागी फक्की सोडली होती. सूत इतकं नेमकं होतं की रेघांवरून चालत जाणाऱ्या मुंगळ्यांनाही आपण भिंतीवर आहोत असं वाटलं असेल.

"समजा हे सगळं सपाट हाय," मोठेबाबा म्हणाले. त्या दिवशी हा 'समजा' आम्ही इतक्यांदा ऐकला की शेवटी मंदा त्याला सातवा माणूस धरून चालू लागली.

वडील दिवाणखान्यात खुर्ची टाकून बसले. रस्त्याकडे तोंड केलं तर खुर्ची पुढे कलंडे, म्हणून त्यांनी टेकडीकडे तोंड केलं. त्यामुळे पाहुणा आला असता तर त्याला आधी वडिलांची पाठ दिसली असती. मोठेबाबांची खाट सावकाश घसरून बोळात आली. त्यांनी ती ओढून नेली आणि पायांखाली दगड लावले. मग बाथरूमची जागा पुरेशी आहे की नाही हे कोणीतरी बघायला हवं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी नकार दिल्यावर ते स्वतः खांद्यावर टॉवेल टाकून आत जाऊन उभे राहिले. नियमाप्रमाणे आम्ही तोंडं फिरवली. पण वरून बकऱ्या घेऊन एक बाई उतरत होती, तिला नियम माहीत नव्हता.

"काय झालं बापा," तिने काळजीने विचारलं, "असे काहून उभे राहिले उन्हात?"

"आंघोळ करून राहिलो," मोठेबाबा म्हणाले.

बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने बकऱ्या लांबून, अगदी आमच्या जागेच्याही हद्दीबाहेरून नेल्या.

स्वयंपाकघरात आई आणि मोठीआईने गोवऱ्यांची आर करून रोडगे घातले होते. कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. उघड्यावरच्या जेवणाला आमच्याकडे दुसरं काही सुचत नाही, आणि सुचू नये. रोडग्यांचा तो जरा जळका वास मोझॅकच्या फरशीवर, गॅसच्या शेगडीजवळ कधी येत नाही. मी करून पाहिलंय. पण रोडगा गोल असतो. आईने राख झटकून एक परातीच्या काठाशी ठेवला आणि तो निघाला. स्वयंपाकघराची भिंत ओलांडून आमच्या खोलीत, तिथून बोळात, बोळातून मोठेबाबांच्या खाटेखालून दिवाणखान्यात, आणि वडिलांच्या पायांमधून रस्त्यावर. मंदा मागे धावत होती आणि "दारातून, दारातून" असं त्याला बजावत होती.

रस्त्यावर जामसांवलीला दर्शनाला निघालेल्या लोकांचा ट्रॅक्टर थांबला होता. टेकडीवर रेघांमध्ये बसलेली माणसं बघून ते केव्हाचे आपसात चर्चा करत असावेत. एक म्हातारे गृहस्थ रोडगा उचलून, फुंकर मारून, सरळ वर येऊ लागले.

"आजोबा, भिंत हाय," मंदा म्हणाली.

त्यांनी खाली बघितलं, पाय मागे घेतला, आणि काहीही न विचारता वळसा घालून दारातून आत आले. आत आल्यावर त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला. "घर चांगलं हाय," ते वडिलांना म्हणाले. "उजेड लय हाय." त्यांच्या मागोमाग ट्रॉलीतली सगळी माणसं दारातून एकेक करून आली आणि दिवाणखान्यात बसली. वडिलांना पाहुण्यांची फार हौस. त्यांनी वर बघून चहा सांगितला. मग पाणी सांगितलं. मग कोणाला तरी रोडगा हवा होता, कोणाला मीठ. आणि प्रत्येक हाकेला वरच्या स्वयंपाकघरातून मोठीआई बोळाने खाली येत होती आणि बोळाने वर जात होती, कारण भिंत ओलांडायची नव्हती. आई उठली की ती म्हणे, "तू राहू दे, तुझं वरण लागन." दिवाणखाना फार मोठा ठेवावा लागणार असं वडील मोठेबाबांना सांगत होते आणि मोठेबाबा 'समजा' म्हणून अजून एक खोली जोडत होते.

पाहुणे गेले. ट्रॅक्टर दिसेनासा झाला. मोठेबाबा खाटेवर आडवे झाले, आणि त्यांनी वर न बघता पाणी मागितलं.

मोठीआईने लोटा भरला. बोळापर्यंत आली. तिथे थांबली, खाली बघितलं, वर बघितलं, आणि लोटा तिथेच दगडाला टेकवून ठेवला. मग ती वर गेली. कोठीच्या दारातून आत शिरली, वळली, आणि दोन्ही हातांनी दार लोटून घेतलं. मी आणि मंदा बघत होतो. तिने कडीही लावली. बोटांनी कडी सरकवून ती बसली की नाही हेही बघितलं. मग बेहड्याखालच्या त्या सपाट खडकावर पाय लांब करून बसली. मोठीआईचे पाय लांब केलेले मी तोवर पाहिले नव्हते.

ओच्यातून तिने एक संत्रं काढलं. आमच्या घरात संत्रं सोलणं हे तिचंच काम होतं, आणि सोललेलं संत्रं तिच्या हातात कधी राहत नसे. एक फोड मंदाला, एक मला, दोन पुढच्या खोलीत, उरली तर आईला. त्या दिवशी तिने ते सावकाश सोललं, साल शेजारी ठेवली, एकेक फोड वेगळी केली, तिच्या शिरा काढल्या आणि खाल्ली. मग पुढची. भिंती नव्हत्या, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ती दिसत होती. आणि भिंती होत्या, त्यामुळे कोणी बघत नव्हतं. वडिलांनी पेपर वर धरला. आई वरण ढवळू लागली.

"पाणी," मोठेबाबा पुन्हा म्हणाले. काहीच झालं नाही तेव्हा उठले, वर बघितलं आणि भिंत ओलांडून तरातरा कोठीकडे चालू लागले.

"बाबा," मंदा म्हणाली, "भिंत."

ते थांबले. आपल्याच पोरीकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं, पण नियम त्यांचा होता आणि ते नियमाचे माणूस होते. रस्त्यापर्यंत उतरले, दारातून आत आले, वडिलांच्या पुढून गेले, पूर्ण बोळ चढले आणि धापा टाकत कोठीपुढे उभे राहिले.

"काय करून राहिली?"

"दार लावलं हाय," मोठीआई म्हणाली.

"पाणी मांगलं होतं मी."

"आयकू नाही आलं. भिंती हाय ना मधात."

वडिलांचा पेपर हलू लागला. मोठेबाबांनी आवाज चढवला. "ही कोठी हाय. धान्याची."

"धान्याले वारा नाही लागत. मले लागते."

"आवं, सोमवारी हे कटून जाते. हा खडक, हे झाड, सगळंच. समजते ना तुले?"

"समजते," ती म्हणाली. "म्हणून आजच बसून घेतो."

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि पुढची फोड उचलली. खाली रस्त्यावरून छिंदवाड्याची बस गेली. मोठेबाबा खडकाकडे बघत होते. मग झाडाकडे. मग मान वळवून त्यांनी आपलं सगळं घर वरून खालपर्यंत बघितलं, आणि मला वाटतं त्यांचं ते बोट पुन्हा खोलीखोलीतून फिरून आलं असावं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आईला मरेपर्यंत आठवत होतं. ते स्वयंपाकघराकडे वळले आणि मधे कोणालाही न घेता, थेट, तिच्याशी बोलले.

"काय करू आता?"

आईने पदर सावरला. वरणावरची नजर हलवली नाही. "दार वाजवा, भाऊजी."

मोठेबाबांनी हात वर केला आणि हवेत दार वाजवलं. हवेचा आवाज येत नाही, म्हणून त्यांनी अगदी हळू, तोंडानेच, "टक, टक" असं म्हटलं. पाटबंधारे खात्यातला सुपरवायझर, सहा फूट उंच, डोक्यावर ऊन घेऊन. मंदाने तोंडात ओढणीचा पदर कोंबला. तिचा नव्हता, माझा.

"कोण हाय?" मोठीआई म्हणाली.

"मी."

"मी कोण?"

"मंदाचा बाप."

"थांबा. हात चिकट हाय."

ते थांबले. तिने राहिलेल्या फोडी संपवल्या, घाई न करता, हात पुसले, उठून कडी काढली आणि दार उघडलं. "चपला बाहेर," म्हणाली. त्यांनी उघड्या टेकडीवर, रेघेच्या अलीकडे, चपला काढल्या आणि दारातून वाकून आत गेले. का वाकले ते त्यांनाच माहीत. चौकट त्यांनी स्वतःच्याच मापाची आखली होती. मोठीआई थोडी सरकली आणि ते तिच्या शेजारी खडकावर बसले. तिथून बगीचे दिसतात, कापूस दिसतो, बोरगावच्या बाजूला जाणारे रस्ते दिसतात, आणि दुपारी दरीतून वारा वर येतो. त्यांना ते पहिल्यांदाच दिसत असावं. जागेवर ते आले होते ते खुंट्या ठोकायला.

"कालव्यालेबी फॉल असते," शेवटी ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. वडिलांनी खालून विचारलं, काय म्हणतोस दादा. तेव्हा त्यांनी वरून ओरडून समजावलं, की जमीन फार उतरती असली तर कालवा काही सरळ नेत नाहीत, डोंगर कापत बसत नाहीत. थोडं समतल न्यायचं, मग एक पायरी खाली उतरवायचं, पुन्हा समतल. त्याला फॉल म्हणतात. आणि घरालाही तसं का करू नये, हे आपल्या मनात पहिल्यापासून होतंच. आम्ही सगळे होतंच म्हणालो.

सोमवारी मशीन आलं. मोठेबाबांनी ड्रायव्हरला खालचे टप्पे तेवढे कापायला लावले आणि वरच्या खडकाकडे तो बघायला लागला तरी हातातली काठी आडवी करायचे. घर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलं. दिवाणखान्याच्या स्लॅबवर स्वयंपाकघराचं अंगण आलं, स्वयंपाकघराच्या स्लॅबवर आम्हा पोरींची गच्ची, आणि सगळ्यात वर, बेहड्याखाली, मोठीआईची खोली. सौंसरहून, पांढुर्ण्याहून माणसं बघायला यायची. मोठेबाबा प्रत्येक टप्प्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवून दाखवायचे, की बघा, पाणी कुठेच जात नाही. कल्पना कोणाची असं विचारलं की म्हणायचे, खात्याची. आता माझा भाचा मोबाइलवर लोकांची घरं बोटाने फिरवून दाखवतो, न बांधलेल्या घरात सोफासुद्धा टाकलेला असतो. छान असतं. मी त्याला एकदा म्हटलं, यात एक दिवस राहून बघ. त्याने माझा चष्मा तपासून घ्यायला सांगितलं.

मोठीआई त्या खोलीत बरीच वर्षं राहिली. आम्ही चढून वर जायचो आणि दार वाजवायचो. शेवटच्या वर्षी, तिला आता सगळं जरा उशिरा आठवू लागलं होतं तेव्हा, मी तिच्या पायांना तेल लावत होते. विषय निघाला. मी म्हटलं, मोठीआई, त्या दिवशी आख्खं संत्रं एकटीनं खाल्लंस, आम्हाला एक फोड दिली नाहीस. कसं होतं ग ते?

ती हसली. दात नव्हते, त्यामुळे हसू सगळ्या तोंडभर पसरलं.

"आंबट होतं," ती म्हणाली. "इतकं आंबट, का डोळे मिटून राहिले होते. पण तुम्ही सगळे पाहून राहिले होते ना. तोंड वाकडं कसं करू?"